पीएच.डी.चा गाइड निवडताना एच-इंडेक्स किती बघायचा?

बडोदेकर_आई
नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो. लेक बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. झाली, जेआरएफही (संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती) निघाली. आता मधुमेहावर पीएच.डी. करायची आहे. दोन गाइड नजरेसमोर आहेत, दोघेही गुजरातबाहेरचे. सरांचा गूगल स्कॉलरवर एच-इंडेक्स ४१, सायटेशन्स १५,०००च्या वर. शिवाय जगातल्या 'टॉप २ टक्के' शास्त्रज्ञांच्या यादीत नाव. मॅडमचा एच-इंडेक्स १४. घरात सगळे म्हणतात सरांकडेच जा, लेकीचा ओढा मॅडमकडे. मी बँकेत नोकरी केली, त्यामुळे आकडे वाचता येतात, पण हे आकडे काय बोलतात ते कळत नाही. जाणकारांनी सांगावं.

पिपेट
ताई, आधी लेकीचं अभिनंदन!
एच-इंडेक्स ४१ म्हणजे ४१ पेपर असे, की त्यातल्या प्रत्येकाचा इतरत्र निदान ४१ वेळा हवाला, म्हणजे सायटेशन, दिलाय. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली ही मोजणी सुचवली. आकडा वाढतो, पण सहसा कमी होत नाही. त्यामुळे पंचवीस वर्षं लॅब चालवणारा माणूस आणि दहा वर्षांपूर्वी सुरुवात केलेली बाई यांची तुलनाच चुकीची आहे.
तुम्ही बँकेतल्या, म्हणून एक हिशोब सांगतो. ४१चा वर्ग १,६८१. हर्श यांच्या निरीक्षणानुसार एकूण सायटेशन्स साधारण वर्गाच्या तिप्पट ते पाचपट असतात, म्हणजे इथे पाच ते साडेआठ हजार. १५,००० आहेत म्हणजे दोन-चार पेपर एकटेच फार मोठा भार उचलताहेत. ते कुठले, हे उघडून बघा.

रावपुऱ्याचा_भाचा
टॉप २ टक्के यादीबद्दल. ती स्टॅनफर्डचे जॉन इओअ‍ॅनिडिस आणि सहकारी स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसवरून काढतात. यादी दोन प्रकारची असते: पूर्ण कारकिर्दीची आणि एका वर्षाची. सरांचं नाव कुठल्या यादीत आहे ते बघा. स्वतःचेच पेपर उद्धृत केलेले वगळून काय उरतं, तेही तिथे दिलेलं असतं. वर्तमानपत्रात यातलं काही छापत नाहीत, नुसतं नाव आणि फोटो.

बडोदेकर_आई
काल रात्री लेकीबरोबर बसले. सरांचे सगळ्यात वरचे तीन पेपर 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' या जगभरच्या आजारांच्या अभ्यासाचे, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातले. लेखकांची यादी उघडली तर नावं संपेचनात! शेकडो माणसं, त्यात मध्येच कुठेतरी सर. असं चालतं का?

रात्रपाळी_पोस्टडॉक
काकू, चालतं, आणि त्यात गैर काही नाही. त्या प्रकल्पात देशोदेशीचे संशोधक आपापल्या भागातली माहिती आणि तपासणी पुरवतात. काम खरं आहे. पण त्यावरून सर विद्यार्थ्याला कसं घडवतात हे कळत नाही, आणि तुम्हाला तर तेवढंच कळायला हवंय.
आपल्या विषयात बहुतेक वेळा ज्याने हाताने काम केलं तो पहिला लेखक, आणि ज्याची लॅब तो शेवटचा. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या शोध-साइटवर पहिला आणि शेवटचा लेखक वेगवेगळे शोधता येतात. दोघांचे शेवटच्या जागेवरचे, गेल्या पाच-सहा वर्षांतले पेपर काढा. पहिली नावं कोणाची आहेत? त्यांच्याच पीएच.डी.च्या मुलामुलींची असतील तर ती लॅब जिवंत आहे. मग त्या मुलांना लेकीने स्वतः ई-मेल करावा. थिसिस किती वर्षांत झाला, पहिला पेपर कधी आला, सर-मॅडम आठवड्यातून भेटतात की महिन्यातून. माझ्या बॅचमध्ये मोठ्या नावाच्या लॅबमध्ये गेलेली हुशार मुलगी चौथ्या वर्षीही दुसऱ्यांचे नमुनेच मोजत होती. गाइडशी बोलायचं तर मधल्या पोस्टडॉककडून (पीएच.डी.नंतर लॅबमध्ये काम करणारा) निरोप. फार जीव तुटायचा तिच्याकडे बघून.

पिपेट
+१. आणि सायटेशन म्हणजे शाबासकी असं धरू नका. लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा वेकफील्ड यांचा १९९८चा पेपर लॅन्सेटने २०१० साली मागे घेतला. त्याला भरपूर सायटेशन्स आहेत, बरीचशी तो खोडून काढणारी. दोघांचा एखादा पेपर मागे घेतला गेलाय का, हे रिट्रॅक्शन वॉचच्या डेटाबेसमध्ये दोन मिनिटांत दिसेल.

बडोदेकर_आई
बघितलं, दोघांचंही स्वच्छ आहे. मॅडमचे पेपर थोडे, पण जवळजवळ सगळ्यांत त्या शेवटी आणि पुढे विद्यार्थ्यांची नावं. त्यातल्या एका मुलीने लेकीला लगेच उत्तर पाठवलं, तासभर फोनवरही बोलली. सरांच्या विद्यार्थ्यांपैकी अजून कोणाचं उत्तर नाही, थोडी वाट बघतो. पुढच्या आठवड्यात मॅडमकडे इंटरव्ह्यू आहे. तिथे काय विचारावं?

रात्रपाळी_पोस्टडॉक
प्रकल्पाचं अनुदान कुठवर मंजूर आहे, रुग्णांचे नमुने कुठल्या हॉस्पिटलमधून येणार आणि त्याची एथिक्स कमिटीची परवानगी हातात आहे का. मधुमेहाच्या कामात परवानगीवाचून वर्ष वाया जातं. आणि लॅब मीटिंगला बसू देतील का, हेही तिने विचारावं.