पीएमपी अर्ज: जुने मॅनेजर सापडत नाहीत, सही कोणाची?

अनघा, 9 मार्च 2023

मंडळी, शनिवारी ठरल्याप्रमाणे पीएमपीचा, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापनाच्या सर्टिफिकेटचा, अर्ज भरायला घेतला आणि पुण्याच्या कामापाशी अडकले. कंपनी विलीन झाली, सर तिथून गेले, लिंक्डइनवर उत्तर देत नाहीत. ऑडिट, म्हणजे अर्जातल्या अनुभवाची तपासणी, लागलं तर सही कोणाची घेऊ? अनुभव गेल्या 8 वर्षांतलाच धरतात आणि पदवी असली तरी 36 महिने लागतात. माझे एप्रिल 2015 ते जून 2018, म्हणजे जेमतेम 39. नंतर अमेरिकेत एच-4 वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, घरीच. आता थांबले तर दर महिन्याला एकेक महिना मागून गळत जाणार.

श्रीकांत

मॅनेजरच हवेत असं नाही. क्लायंट किंवा सहकारीही चालतो, फक्त त्याला तो प्रकल्प आतून माहीत हवा. ऑडिट निवडक अर्जांचंच होतं, आणि लागलं तर कागद द्यायला 90 दिवस मिळतात. खरी मेख वर्णनात आहे. 'टेस्टिंग टीममध्ये होते' असं लिहू नकोस. रिलीजचं वेळापत्रक कोणी आखलं, व्हेंडर लांबला तेव्हा निर्णय कोणी घेतला, ते लिही. हुद्दा लीडचा असला तरी बिघडत नाही.

प्रकाशकाका

एवढा खटाटोप कशाला? मी इथे आयुष्यभर पूल बांधले, कोणी सर्टिफिकेट विचारलं नाही. परीक्षेत 230 मिनिटांत 180 प्रश्न सोडवले म्हणून कंत्राटदार वठणीवर येत नाही. नीलिमा दरवर्षी गणपतीचा महाप्रसाद पार पाडते, तो अनुभव धरा की!

नीलिमा

काका, धरत नाहीत. नोकरी-व्यवसायातलंच काम लागतं. आणि अभ्यासगटाला हवी असलेली शनिवारची खोली पाडव्याच्या तालमीला दिली आहे, हे मी मागच्याच मेलमध्ये कळवलं होतं. खोल्यांचं वाटप सांस्कृतिक समितीकडे आहे. अभ्यासगटाने परस्पर ठरवू नये.

संदीप

लंडनला होतो तेव्हा सगळीकडे प्रिन्स2 (प्रकल्प व्यवस्थापनाचंच तिकडचं सर्टिफिकेट) विचारायचे. त्याच्या फाउंडेशनला अनुभवाची अट नाही. इथे मात्र मला त्याबद्दल कोणी विचारलं नाही.

श्रीकांत

काका, तुम्हाला पुढचं काम देणारे तुम्हाला ओळखत होते. अनघाला इथे कोण ओळखतं? मी मुलाखत घेताना सर्टिफिकेटकडे बघत नाही, कामाबद्दलच खोदून विचारतो. पण माझ्यापर्यंत येणारी यादी एचआरने आधीच चाळलेली असते, आणि मध्ये पाच वर्षं रिकामी दिसली की बायोडेटा तिथेच बाजूला पडतो. पीएमपीने नोकरी मिळत नाही, पण मुलाखतीचं बोलावणं येतं. सरकारी कंत्राटांत तर पुष्कळदा प्रकल्प चालवणारा पीएमपी हवा अशी लेखी अटच असते. 35 तासांचं प्रशिक्षण तिने पोरांना शाळेत सोडून पूर्ण केलंय. तिला आत्ता अडवू नका.

प्रकाशकाका

अडवत नाही रे. अनघा, मुलाखतीची तयारी माझ्याकडे. पण नंतर दर तीन वर्षांत 60 पीडीयू (पुढच्या शिक्षणाचे तास) भरावे लागतात, ते लक्षात ठेव.

अनघा

क्लायंटकडच्या मॅडमनी होकार दिला! रविवारी अर्ज पाठवते. श्रीकांतदादा, वर्णनं आज रात्री टाकते, तेवढी बघा. नीलिमाताई, खोली राहू दे, शनिवारी आमच्या बेसमेंटमध्ये बसू. फक्त गाड्या शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेसमोर लावू नका.