मदत हवी आहे: घरी इलेक्ट्रिक पिकअप घ्यावी का? (नागपूर–काटोल–कळमना)

संत्राबाग: राहणं त्रिमूर्तीनगरात. घरी एक पेट्रोल हॅचबॅक, दोन स्कूटर. काटोलजवळ संत्र्याची बाग, घरून साधारण ६० किमी. आंबिया बहाराची संत्री (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारं पीक) कळमन्याच्या घाऊक बाजारात न्यायची असतात, आणि वर्षभर घरच्या मसाल्याचा माल इतवारी, गांधीबाग, महालातल्या दुकानांत पोचवायचा असतो. दोन्हीला सध्या भाड्याची गाडी. टाटा एस ईव्हीचं एक टनवालं मॉडेल मनात आहे, बॅटरी २१.३ युनिटांची, कागदावर १६१ किमी. घर–बाग–कळमना–घर हा फेरा १४५ किमीचा. जमेल ना? चार्जिंगला घरी १६ अँपिअरचा पॉइंट आहे, बागेत पंपाचं कनेक्शन आहेच.

फेज_न्यूट्रल: एका चार्जमध्ये जमणार नाही, भाऊ. १६१ हा चाचणीतला आकडा. रिकामी गाडी युनिटला साडेसहा किमी धरा, टनभर माल भरलेली पाच. जाताना ६० रिकामे म्हणजे ९ युनिटं, बाग ते कळमना ७० भरलेले म्हणजे १४, घरी परत १५ म्हणजे सव्वादोन. झाली पंचवीस. बॅटरीचे शेवटचे पंधरा टक्के मोजायचेच नाहीत, म्हणजे हाती १८. सात युनिटं कमी पडतात. क्रेट भरेपर्यंत अडीच तास गाडी बागेत लावली तर तेवढी मिळतील, पण पंपाच्या कनेक्शनवर अजिबात नको. शेतीच्या दराची वीज गाडीला वापरली की वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. शिवाय शेतीचा पुरवठा ठरावीक तासांचा. तुमचा माल भरायच्या वेळी तो असेलच असं नाही.

आता घरचा पॉइंट. तो बहुधा गिझरसाठी काढलेला, २.५ चौ.मिमी वायरचा असेल. गिझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो; गाडी मात्र सात-आठ तास सलग १३-१५ अँपिअर ओढते. सॉकेटच्या आतला स्क्रू जरा सैल असला तरी तिथे उष्णता साठते आणि प्लास्टिक वितळतं. एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, कारण करंट जास्त झालेलाच नसतो! म्हणून मीटरपासून गाडीसाठी स्वतंत्र लाइन काढा: ४ चौ.मिमी तांब्याची वायर (अंतर २५-३० मीटरच्या पुढे असेल तर ६), २० अँपिअरचा ३० मिलीअँपिअर आरसीबीओ (जादा करंट किंवा गळती झाली की वीज तोडणारा स्विच), टाइप ए, आणि औद्योगिक निळा सॉकेट. अर्थिंगचा रोध मोजून घ्या, ५ ओहमच्या आत हवं. नागपूरच्या उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातली माती कोरडी पडते आणि चार्जर 'अर्थ फॉल्ट' दाखवून थांबतो. लोक गाडीला दोष देतात. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं की बऱ्याचदा काम भागतं.

मंजूरभार: वायरिंगपेक्षा बिल जास्त दुखेल. पूर्ण चार्जला मीटरवर साधारण २४ युनिटं पडतात, चार्जरमधली घट धरून. महिन्याला पंधरा चार्ज म्हणजे ३६० युनिटं. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० ला बदलतात. घराचा वापर आधीच अडीचशे असेल तर गाडीची जवळपास सगळी वीज वरच्या महाग टप्प्यांत जाते. ईव्ही चार्जिंगचा वेगळा वर्ग आहे, त्याच्या मीटरचा अर्ज आधी करा. नाहीतर निदान मंजूर भार (एका वेळी किती वीज ओढता येईल याची कनेक्शनची मर्यादा) वाढवून घ्या. मे महिन्यात रात्री दोन एसी आणि गाडी एकत्र चालली तर मेन स्विच पडेल. आणि हो, उन्हातून आल्या आल्या प्लग लावू नका. गरम बॅटरीला बीएमएस (बॅटरी सांभाळणारी यंत्रणा) करंट कमी करतं, वेळ वाढतो. सावलीत तासभर निवू द्या.

हिरवीपाटी: आरटीओचं थोडक्यात. मालवाहू नोंदणी होईल, हिरवी पाटी आणि पिवळी अक्षरं. परमिट लागत नाही, फिटनेस लागतं. एलएमव्ही (हलक्या मोटारीचा) परवाना पुरतो. सीटा दोनच, तोडणीचे मजूर हौद्यात बसवता येणार नाहीत, अपघात झाला तर विमा हात वर करेल.

संत्राबाग: बागेत वेगळं मीटर घेतलं तर?

मंजूरभार: दोन महिन्यांच्या बहारासाठी बारा महिने स्थिर आकार (वीज वापरली नाही तरी लागणारा) भराल. मला उलटंच दिसतं: बहाराला भाड्याची गाडीच ठेवा, तेव्हा एक टनात भागतही नाही. भरलेला क्रेट २२ किलोचा धरला तर ४० क्रेट म्हणजे ८८० किलो, वर सोबतचा माणूस. दोनशे क्रेट असतील तर पाच फेऱ्या मारणार का? इतवारीच्या बोळांत मात्र हीच गाडी शोभते. वेग कमी, थांबणं जास्त, ब्रेक लावताना थोडी वीज परत मिळते. पण रोज चाळीसेक किमी तरी धावायला हवी, नाहीतर हप्ताच खाऊन टाकेल.

गेल्या वर्षीच्या भाड्याच्या पावत्या शहर आणि काटोल अशा वेगळ्या करा. फक्त शहराची बेरीज इथे टाका, हप्ता अधिक विमा याच्याशी लावून बघू.