जेमी सर्सीकडे परत का गेला? (शेवटपर्यंत पाहिलं नसेल तर वाचू नका)

तिन्हीसांज

'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका २०१९ मध्ये संपली, तरी शेवटी सगळं सोडून सर्सीकडे, म्हणजे आपल्या जुळ्या बहिणीकडे आणि प्रेयसीकडे, परत जाणाऱ्या जेमी लॅनिस्टरचा विषय निघाला की अजून तेच गाऱ्हाणं ऐकू येतं: आठ सीझन माणूस घडवला आणि एका भागात मातीत घातला. मला हे मान्य नाही. जेमी शेवटी बिघडला नाही, तो मुळातच तसा होता. सुधारला होता तो आपल्या डोक्यात.

सगळे तिसऱ्या सीझनमधल्या हमामखान्यातल्या कबुलीचा दाखला देतात. हात नुकताच तुटलेला, अंगात त्राण नाही, आणि तो सोबतच्या ब्रिएन या स्त्री-योद्ध्याला सांगतो की वेड्या राजा एरिसने (जेमी त्याचाच अंगरक्षक) राजधानीखाली वाइल्डफायर, म्हणजे हिरव्या ज्वाळांचं स्फोटक रसायन, भरून ठेवलं होतं, सगळ्यांना जाळून टाका म्हणत होता, म्हणून मी त्याला मारलं. इथवर सगळ्यांना पाठ आहे. पण एरिसने त्याला त्याच्याच बापाचं मुंडकं आणायला सांगितलं होतं, हेही तो त्याच दमात सांगतो. ब्रिएनला उलट प्रश्न टाकतो तेव्हा क्रम बघा: आधी बाप, मग हजारो माणसं. राजाला मारायला दोन कारणं होती, त्यातलं आपल्याला शोभेल ते आपण उचललं.

हे मान्य नसेल तर सहाव्या सीझनचा शेवट आठवा. एरिसला जे जमलं नाही ते सर्सी करून दाखवते, त्याच वाइल्डफायरने बेलॉरचं सेप्ट, म्हणजे राजधानीतलं मोठं मंदिर, माणसांसकट उडवते. शहरासाठी राजहत्येचा डाग घेणारा माणूस परत आल्यावर काय करतो? उभा राहून तिचा राज्याभिषेक बघतो, आणि पुढचा सीझन तिच्याच फौजा घेऊन फिरतो. शहर हा त्याचा हेतू असता तर गोष्ट तिथेच फुटली असती. फुटली नाही, कारण या वेळी जळणाऱ्यांत बाप नव्हता आणि जाळणारी बहीण होती.

पाखरू_काळं

साफ असहमत. फक्त बापासाठी मारलं असतं तर लपवायचं काय होतं? आणि वाइल्डफायरचं सांगितलं असतं तर लोकांनी डोक्यावर घेतलं असतं. तो वर्षानुवर्षं 'राजहंता' म्हणून हिणवून घेतो, पण उत्तरेचा सरदार नेड स्टार्कसमोर एक अक्षर काढत नाही.

आणि सातव्या सीझनचा शेवट सोयीस्कर गाळलात. मृतांच्या फौजेशी लढायला सर्सी आपली फौज पाठवणार नाही हे कळल्यावर तो एकटा उत्तरेला निघतो. जिथे चाललाय तिथे कोण बसलंय? यानेच खिडकीतून ढकललेला नेडचा मुलगा ब्रॅन, आणि जिच्या बापाला, एरिसला, मारलं ती डनेरिस. यात लॅनिस्टर घराण्याचा फायदा दाखवा बरं.

तिन्हीसांज

@पाखरू, सर्सी गरोदर आहे हे तो निघताना जाणतो. मृतांची फौज खाली आली तर आपलं मूल जन्मालाच येणार नाही, हे तोच तिला सांगतो. म्हणजे उत्तरेला जाणंही घरासाठीच.

पाखरू_काळं

मूल हा सर्सीला पटवायचा मुद्दा होता. स्वतःपुरतं तो एवढंच म्हणतो की मी शब्द दिलाय. आणि शब्द मोडण्यासाठीच ज्याचं नाव झालंय त्याच्या तोंडी हे आहे.

बुरुजावरून

तुम्ही दोघं 'प्रेम की विवेक' यात अडकलात. ही माणसं शपथेत विचार करतात. दुसऱ्या सीझनमध्ये जेमी नेडच्या बायकोसमोर, कॅटलिनसमोर, हेच बोलतो: राजाचं ऐका, बापाचं ऐका, निरपराधांना राखा, राजा आणि बाप एकमेकांवर उठले तर काय करायचं?

ही लेखकांची कल्पना नाही, मध्ययुगीन युरोपातली खरीच अडचण आहे. एकच सरदार दोन-तीन धन्यांकडून जमीन घ्यायचा, प्रत्येकासमोर गुडघे टेकून निष्ठा वाहायचा. धनी आपसात लढले की याची पंचाईत. त्यातून 'लीज लॉर्ड' ही सोय निघाली: बाकी सगळ्या शपथा खऱ्या, पण त्या भिडल्या तर हा धनी पहिला. जेमीचं तसंच आहे. कॅटलिनला तिच्या मुलींसाठी दिलेला शब्द खरा, उत्तरेचा खरा, ब्रिएनवरचा जीवही खरा. पण पहिला धनी सर्सी. ती सुरक्षित असेपर्यंत बाकीचे शब्द पाळायला तो मोकळा असतो. ती संकटात आली की नाही.

अवांतर: 'द लास्ट किंगडम' मालिकेतला उट्रेड याच्या उलटा. राजा आल्फ्रेडचा मनापासून राग, तरी शपथ घेतलीय म्हणून कुरकुरत जातो.

चहाटळ

एवढा विचार लेखकांनी केला असता तर बरं झालं असतं. पहिले सहा सीझन दहा-दहा भागांचे, सातवा सातचा, आठवा सहाचा. ज्या भागात जेमी ब्रिएनच्या खोलीत शिरतो त्याच भागात घोड्यावर बसून निघूनही जातो. हेतू कसले शोधताय, आटपायची घाई होती.

नीलमोहर

@चहाटळ, घाई होतीच. पण त्या भागात सुगावा ठेवलाय. डनेरिसचा ड्रॅगन मेल्याची बातमी येते, तेव्हा नेडची मुलगी सान्सा जेमीला ऐकवते की तुझ्या बहिणीला फाशी देताना बघायची इच्छा होती, आता बहुतेक राहून जाईल. त्या क्षणी त्याला कळतं की सर्सी आता नक्की मरणार. त्याच रात्री तो निघतो.

अंगणात ब्रिएनला तो गुन्हे मोजून दाखवतो: ब्रॅन, रिव्हररनचा किल्ला... सर्सी द्वेषाने भरलीय आणि मीही तसाच, म्हणतो. प्रेमात पडलेला माणूस असं बोलत नाही हो. स्वतःला शिक्षा सुनावलेला बोलतो. मरायला गेला तो.

तिन्हीसांज

मरायला निघालेला माणूस होडीची सोय ऐकून घेत नाही. पुढच्या भागात धाकटा भाऊ टिरियन त्याला डनेरिसच्या कैदेतून सोडवतो, सर्सीच्या किल्ल्याखाली होडी आहे, समुद्रापलीकडे पेंटॉसला निघून जा, नवं आयुष्य काढा म्हणतो. तिथेच जेमी कबूल करतो की सामान्य लोकांची मला कधी फारशी पर्वा नव्हती. आणखी काय पुरावा हवा?

पाखरू_काळं

त्या वाक्यावर विश्वास ठेवलात? जेमी स्वतःबद्दल नेहमी वाईट तेवढंच बोलतो. रिव्हररनला किल्ल्याचा धनी एडम्युरला धमकी देतो की तुझं तान्हं पोर गोफणयंत्रातून भिंतीवर फेकीन, आणि प्रत्यक्षात वेढा जवळपास रक्त न सांडता उठतो. हरलेली शत्रू ओलेना, तिच्यासाठी सर्सीने छळाचे बेत केले होते, त्याने वेदना न होणारं विष दिलं. बोलणं राक्षसाचं, करणं वेगळं. तुम्ही बोलणं धरून बसलात.

चहाटळ

हे मात्र बरोबर. +१

बुरुजावरून

पाखरूच्या बाजूचा एक पुरावा माझ्याकडून, माझ्या मुद्द्याविरुद्ध असला तरी. शेवटच्या भागात ब्रिएन किंग्जगार्डच्या, म्हणजे राजाच्या अंगरक्षकांच्या, पोथीत जेमीचं पान पूर्ण करते. रिव्हररन प्राणहानीशिवाय घेतलं, एकटा उत्तरेत विंटरफेलला आला, हे सगळं लिहिते. दक्षिणेला का गेला त्याचं कारण तिने लिहिलंय: राजधानी विनाशातून वाचवायला. अंगणात तिने त्याच्या तोंडून वेगळंच ऐकलं होतं.

तिन्हीसांज

तिला तसं वाटून घ्यायचं होतं. टिरियनने त्याला शहर वाचवायचा उपाय दिला होता: सर्सीला शरण यायला लाव, घंटा वाजवा, वेशी उघडा. घंटा वाजल्या तेव्हा जेमी तिथे होता का?

नीलमोहर

पोचणार कसा? रेड कीपच्या, म्हणजे सर्सीच्या किल्ल्याच्या, दारात सोन्याचा हात उंचावून ओरडत होता, कुणी आत घेतलं नाही. दार बंद झालं.

तिन्हीसांज

बंद झालं, मग वळून कुठे गेला? ज्या वाटेला होडी होती तिकडे.