विषय: रोम-फ्लोरेन्स सहल, सीलिअ‍ॅक असलेल्या मुलीचं जेवण

नमस्कार मंडळी,
जुलैत आठवडाभर रोम आणि फ्लोरेन्सला जातोय. मुलगी सात वर्षांची, तिला सीलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू-जवातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते. आम्ही सगळे शाकाहारी. पिझ्झा-पास्त्याच्या देशात तिला काय द्यायचं? इंडियन रेस्टॉरंट गाठलेलं बरं का?

---

उत्तर:
ताई, निर्धास्त जा. इटलीत या आजाराची चांगली जाण आहे, २००५ साली त्यावर स्वतंत्र कायदाही झाला. तिथल्या सीलिअ‍ॅक संघटनेने, म्हणजे एआयसीने, प्रशिक्षण दिलेल्या हॉटेलांची यादी त्यांच्या अ‍ॅपवर मिळते. शोध तिथून सुरू करा. दारावर नुसतं ‘सेन्झा ग्लुतिने’ (ग्लूटेनशिवाय) लिहिलंय म्हणून आत शिरू नका.

टेबल राखतानाच सांगा: ‘मिआ फिल्या ए चेलिआका’, मुलीला सीलिअ‍ॅक आहे. मग दोनच गोष्टी विचारा. पास्ता वेगळ्या पातेल्यात उकळता का, आणि गाळायची चाळणी वेगळी आहे का? ताजं पाणी घेतलं पण चाळणी तीच, इथेच घोळ होतो. पिझ्झाचं त्याहून अवघड. ज्या ओट्यावर दिवसभर मैदा भुरभुरवून पोळ्या थापतात तिथेच ग्लूटेन-फ्री पिझ्झा सजवला, तर पीठ चांगलं असूनही उपयोग शून्य. ओटा, उलथणं, चीजचं भांडं सगळंच वेगळं हवं.

फार्रो म्हणजे गहूच, ओर्झो म्हणजे जव. न्योक्की (उकडलेले छोटे गोळे) बटाट्याची असली तरी त्यात बहुधा मैदा असतो. जिलातो (तिथलं आइस्क्रीम) कोनात नको, कपात घ्या, आणि चमचा धुऊन नव्या डब्यातून काढायला सांगा. टेबलावर ब्रेडची टोपली आली की लगेच परत पाठवा, लहान मुलांचे हात तिथेच जातात.

बरीच स्वयंपाकघरं संध्याकाळी साडेसातच्या सुमारास उघडतात. उघडताच जा: पाणी ताजं, ओटा स्वच्छ, वेटरला ऐकायला वेळ. तोवर पोटाला आधार म्हणून सुपरमार्केटमधून किंवा औषधांच्या दुकानातूनही ग्लूटेन-फ्री ब्रेड, बिस्किटं घेऊन ठेवा.

---

आणखी एक:
इंडियन रेस्टॉरंटबद्दल मात्र सावध राहा. डोसा तांदूळ-उडदाचा, म्हणून आपण बिनधास्त मागवतो. पण डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, आणि तो हिंग सांबारात, चटणीच्या फोडणीत, उडदाच्या पापडातही पडतो. रवा डोसा त्याच तव्यावर होतो. भजी बेसनाची असली तरी कढई समोशाचीच. हिंगाच्या डबीवर काय लिहिलंय ते त्यांना वाचून दाखवायला सांगा, नुसत्या ‘नाही, नाही’वर विसंबू नका.

घरून न्यायचं तर थालीपिठाची भाजणी नको, तीत गहू असतोच बहुधा. राजगिऱ्याचं पीठही गिरणीत गव्हापाठोपाठ दळलेलं असू शकतं. बंद पाकिटातले, लेबल तपासलेले पोहे न्या. शेंगदाणे, मीठ, जिरं, सुकवलेला कढीपत्ता घालून, बिनहिंगाची फोडणी देऊन, पातळ पोहे भाजून डब्यात भरले की गरम पाणी ओतायचं आणि पाच मिनिटं झाकायचं. छोटी किटली सोबत ठेवा, खोलीत असेलच असं नाही.