जुन्या सागवानाचा ऑडिओ रॅक आलाय घरी, पाठ बंद आहे, आत अ‍ॅम्प ठेवू का?

तबकडीवाला_पुणे
नमस्कार मंडळी, मित्र नोकरीसाठी बाहेरदेशी गेला आणि जाताना त्याचा म्युझिक सिस्टीमचा रॅक मला देऊन गेला. रेडिमेड नाही, सुताराकडून हाताने करून घेतलेला, पेठेतला एक वाडा पाडला तेव्हा निघालेल्या तुळयांचं सागवान आहे, खिळा एकपण नाही, सगळे जोड लाकडात लाकूड बसवून. चार फूट रुंद, खाली दोन कप्पे आणि एक ड्रॉवर. जिन्यातून वर चढवताना जीव निघाला पण काय देखणा आहे हो!

आता अडचण अशी की माझा यामाहाचा स्टीरिओ अ‍ॅम्प (स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर), रेकॉर्ड वाजवायचा एक टर्नटेबल आणि अडीचशे तरी एलपी, म्हणजे मोठ्या रेकॉर्डी आहेत आणि रॅकची पाठ पूर्ण बंद, वायरींसाठी फक्त एक भोक. अ‍ॅम्प आत ठेवून तासभर ऐकलं की वरच्या फळीला हात लावला तर चांगली गरम लागते. बायको म्हणते इतक्या सुंदर वस्तूला करवत लावायची नाही, अ‍ॅम्प बदल. दुसरं, खालच्या फळीवर एलपी लावल्यापासून मध्ये बाक आल्यासारखा वाटतोय. पावसाळा लागल्यापासून ड्रॉवर पण घट्ट झालाय, रंधा मारून घेऊ का? आणि रॅकखाली स्पाइक, म्हणजे टोकदार धातूचे पाय लावले की आवाज सुधारतो म्हणतात ते खरं का?

ओममीटर
अ‍ॅम्प बदलून काही होणार नाही, वहिनींना सांगा. क्लास एबी (नेहमीच्या स्टीरिओत असतो तो प्रकार) अ‍ॅम्प गाणं चालू नसलं तरी नुसता ऑन ठेवला की गरम होतो, ती उष्णता कुठंतरी जायला पाहिजे. वर कमीत कमी १० सेंमी मोकळं ठेवा आणि त्याच्या डोक्यावर राउटर, सीडी प्लेयर काहीही चढवू नका. कप्पा पुढून मागे किती खोल आहे तेही मोजा, ४३-४४ सेंमी रुंदी बहुतेक फुल साइझ अ‍ॅम्पची असतेच पण मागे वायरींच्या पिना ६-७ सेंमी बाहेर येतात हे लोक विसरतात आणि मग वायर मुडपून बसवतात.

पाठीला दोन आडव्या फटी पाडा, एक अ‍ॅम्पच्या तळाच्या लेव्हलला आणि एक अगदी वरच्या फळीखाली, खालून गार हवा आत येईल वरून गरम बाहेर जाईल. भिंतीपासून रॅक चार बोटं पुढे ओढा नाहीतर फटी पाडून उपयोग शून्य.

सुताराचा_नातू
ओममीटर यांच्याशी सहमत, फक्त एक भर. पाठ अख्खी काढून टाकू नका कोणी कितीही सांगितलं तरी!! बिनखिळ्याच्या रॅकला आडवा हलण्यापासून पाठच धरून ठेवते, ती काढली की चार फुटी रॅक ढकलल्यावर लचकायला लागतो आणि जोड सैल होतात. फटी पाडा पण कडेने चांगली रुंद पट्टी सगळीकडून शाबूत राहू द्या.

बाकाचं म्हणाल तर तुमचे डोळे बरोबर आहेत. एलपी दिसतात हलक्या, पण फूटभर जागेत ऐंशीच्या आसपास बसतात आणि कव्हरसकट एक साधारण पाव किलो धरा, म्हणजे फुटाला २० किलो. चार फुटांची फळी मध्ये आधार नसताना हे कशी पेलणार, सागवान झालं तरी. फळीची जाडी दुप्पट केली तर बाक आठव्या हिश्शावर येतो पण आता जाडी कुठून आणणार, तेव्हा बरोब्बर मध्ये एक उभी फळी घाला. ती तळाच्या फळीवर टेकत असेल तर तिच्याखाली जमिनीपर्यंत पाय पाहिजे, नाहीतर वरची फळी वाचली आणि खालची वाकली. उंची आतून ३३ सेंमीच्या वर हवी, कव्हर साडेएकतीस असतं आणि बोट घालायला जागा लागते.

ड्रॉवरला आत्ता रंधा अजिबात नको. लाकूड दमट हवेत आडवं फुगतं, लांबीला नाही, आत्ता तासलं तर थंडीत खुळखुळा होईल. बाजूच्या पट्ट्यांना पांढरी मेणबत्ती घासा आणि दिवाळीनंतर बघा, तेव्हाही अडकला तर मग सुतार बोलवा. आणि फळ्यांच्या कडेला पांढरट लाकूड दिसतंय का ते तपासा, साग कितीही जुना असला तरी किडा त्या पांढऱ्यालाच लागतो, मधल्या गाभ्याला सहसा नाही. बारीक पिठासारखा भुसा पडत असेल तर लगेच लिहा इथं.

वॉल्व्हप्रेमी
सगळे नुसतं वजन आणि उष्णता बोलतायत, आवाजाचं कोणी बोलतच नाही. सागाचा रॅक असला की मिड्समध्ये (गाणाऱ्याच्या आवाजाच्या मधल्या पट्टीत) जो गोडवा येतो तो प्लायवर येत नाही, स्वतः ऐकलंय. स्पाइक लावाच, आणि टर्नटेबलखाली कडप्पा घाला, किचनचा ओटा करताना उरलेला तुकडा मिळतो फुकटात, खाली रबराची शीट. बास एकदम साफ होतो.

ओममीटर
टर्नटेबलपुरतं मान्य, सुई हलतं ते सगळं पकडते. पण अ‍ॅम्पखालच्या लाकडाने गोडवा येतो हे काही मला पटत नाही, असो, तुमचे कान.

तबकडीवाला, घरीच करून बघा. टर्नटेबल बंद ठेवून थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा, व्हॉल्यूम बेताचा, आणि बोटाच्या पेराने रॅक हळूच ठोका. स्पीकरमधून धप्प असं मोठं आलं तर कडप्पा घाला, अगदीच दबकं आलं तर पैसे रेकॉर्डींवर घालवा. स्पीकर मात्र त्याच रॅकवर नकोत, तिथे कडप्पाही काही करणार नाही. स्पाइकचा सल्ला मुळात तिकडच्या लाकडी जमिनींचा, आपल्याकडे खाली स्लॅब, पावलांनी काही हलत नाही, उलट टाइलला टोचा पडतील. (गंमत म्हणजे याच तुळया वाड्यात माडीखाली होत्या तेव्हा वर टर्नटेबल ठेवला असता तर कुणी चाललं की सुई उडाली असती.)

अजून एक, टर्नटेबल वरच्या फळीवर आणि बरोब्बर त्याखाली अ‍ॅम्प असेल तर अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरचा हम्म असा घूं आवाज कार्ट्रिजमध्ये (सुई बसवलेला भाग) येऊ शकतो. अ‍ॅम्प डावी-उजवीकडे सरकवून ऐका, कुठंतरी कमी होईल.

रत्नांग्रीकर
बंद पाठ आणि बाहेरची भिंत असा योग असेल तर आधी एलपी वाचवा. आमच्याकडे श्रावणापर्यंत कव्हरांवर बुरशी हमखास. त्या कप्प्याच्या पाठीलाही फट हवी, नुसती अ‍ॅम्पच्या नव्हे. आणि एलपी उभ्याच ठेवा, आडव्या थप्प्या नकोत.

पॉलिश कुठलं आहे? चपड्याचं फ्रेंच पॉलिश असेल तर रेकॉर्ड पुसायचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) किंवा स्पिरिट त्यावर सांडू देऊ नका, डाग पडतो. चपडा म्हणजे लाख, ती स्पिरिटमध्ये विरघळते. जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या) तबकड्याही लाखेच्या म्हणून त्यांनाही स्पिरिट चालत नाही, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल.

तबकडीवाला_पुणे
धन्स सगळ्यांना! पॉलिश बघितलं, पाठीमागे कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा लावला तर चिकट झालं, म्हणजे चपडाच. मी त्याच फळीवर ठेवून रेकॉर्डी पुसतो, आता पुसायचं टेबल वेगळं. ठोकून पण पाहिलं, दबका आवाज आला, कडप्पा कॅन्सल. बायकोला फटीचं पटलं, अट एकच, त्यावर पितळी जाळी हवी. नातूसाहेब, जाळी लावली तर हवेला अडेल का?

सुताराचा_नातू
मोठ्या छिद्रांची घ्या, अडणार नाही. फक्त बारीक डासांची जाळी नको, धुळीने महिन्यात गच्च होते. आणि फट पाडायच्या आधी पाठीची फळी खाचेत सरकवलेली आहे की चिकटवलेली ते बघून घ्या, सरकवलेली असेल तर काढून दुकानात नेऊन कापता येईल, घरात भुसा नको.