यो ला टेंगो : एकाच बँडचे इतके निरनिराळे आवाज कसे?

तारसप्तक :
'आय कॅन हिअर द हार्ट बीटिंग अ‍ॅज वन' (१९९७) ऐकतोय. कुठे गिटारचा कल्लोळ, कुठे बोसा नोव्हा (ब्राझीलची संथ लयीची शैली), मध्येच बीच बॉइज या बँडचं 'लिटल होंडा', पुढे दहा मिनिटं ऑर्गनचा घुमारा. हे सुरुवातीपासून असंच होतं का? जुने अल्बम कोणत्या क्रमाने ऐकावेत?

ठेका_चुकला :
सुरुवातीला असं नव्हतं. आयरा कॅप्लन आणि जॉर्जिया हबली या जोडप्याने १९८४ मध्ये न्यू जर्सीतल्या होबोकेनला बँड सुरू केला. १९८६ चा 'राइड द टायगर' मिशन ऑफ बर्मा या बँडच्या क्लिंट कॉन्लीने प्रोड्यूस केला. तो बऱ्यापैकी सरळ गिटार-रॉक आहे. पुढची काही वर्षं बेसवादकच टिकत नव्हता. दर वेळी नवा माणूस आला की आधीची गाणी बसवण्यातच वेळ जातो, नवं काही करून बघायला उसंत राहत नाही. १९९२ च्या 'मे आय सिंग विथ मी'पासून जेम्स मॅकन्यू आहे, आणि तेच तिघं आजतागायत आहेत. १९९३ चा 'पेनफुल' ऐकलात की फरक कळेल: ऑर्गन पुढे आला, जॉर्जियाचा मऊ आवाज ठळक झाला. माझ्या मते खरा बँड इथून सुरू होतो.

दुसरीबाजू :
'फेकबुक' (१९९०) वगळून कसं चालेल? मॅकन्यू यायच्या आधीचा अल्बम आहे. बहुतेक गाणी दुसऱ्यांची, वाजवणं हलकं, गाणं दबक्या आवाजात. पुढच्या शांत गाण्यांचं बी तिथलंच. आयरा आधी रॉक संगीतावर लिहायचा, त्यामुळे कानावरून गेलेल्या गाण्यांचा साठा दांडगा. डब्ल्यूएफएमयू रेडिओच्या निधी-मोहिमेत देणगीदार गाणं सुचवतात आणि हे तिघं ते तिथल्या तिथे वाजवतात. सूर-शब्द घसरतात, पण हात कुठल्याही शैलीला सरावतो. त्यातलीच निवडक गाणी २००६ मध्ये अल्बम म्हणून आली.

ठेका_चुकला :
'फेकबुक'चं मान्य. पण त्यात कल्लोळ नाही. शांत आणि कर्कश एकाच अल्बममध्ये नांदायला लागले ते 'पेनफुल'पासूनच.

मंद्र :
क्रम: 'पेनफुल', मग तुम्ही ऐकताय तो, मग २००० चा 'अँड देन नथिंग टर्न्ड इटसेल्फ इनसाइड-आउट', त्यानंतर 'फेकबुक'. शफल बंद ठेवा. 'पेनफुल'मध्ये 'बिग डे कमिंग' दोनदा आहे, सुरुवातीला ऑर्गनवर संथ, नंतर गिटारवर दणदणीत. क्रम मोडला तर ती गंमतच हरवते. २००० चा अल्बम हेडफोनवर ऐका. फार हळू आहे म्हणून लोक आवाज वाढवून ठेवतात आणि 'चेरी चॅपस्टिक' लागलं की कान बधिर होतात, तेवढ्यापुरता कमी करा. शेवटचं गाणं सतरा मिनिटांचं आहे, ते अर्ध्यावर सोडू नका.

तारसप्तक :
आणि अलीकडचं?

मंद्र :
'धिस स्टुपिड वर्ल्ड' (२०२३). 'पेनफुल'पासून २००९ पर्यंत प्रोड्यूसर रॉजर मुटेनो होता, २०१३ च्या 'फेड'ला जॉन मॅकेंटायर. हा तिघांनी स्वतःच प्रोड्यूस केलाय, त्यात गिटार पुन्हा चांगलीच खरखरीत आहे.