विषय: जुलैत पिरियाकला, आईबाबांसोबत

नमस्कार मंडळी,

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आईबाबांना घेऊन फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पिरियाक-स्यूर-मेर गावाला जातोय. बंदराजवळच घर मिळालंय. नेटवर शोधलं की सगळं जवळच्या ला बोल गावाच्या पुळणीबद्दलच येतं. बाबा मूळचे उरणचे, मासे म्हणजे जीव की प्राण. आई शाकाहारी, शिवाय गुडघ्यांमुळे फार चालता येत नाही. त्या बाजूची माहिती कुणाला आहे का?

----

अरे, आम्ही तिथून जवळच्या नांत शहरात राहतो, तो सगळा किनारा आमच्या पायाखालचा. ला बोल एका संध्याकाळपुरतं ठीक आहे. बाबा उरणचे असतील तर मिठागरं त्यांच्या ओळखीचीच असणार, त्यांना आधी गेरांदच्या मिठागरांत ने.

गाडीने जेमतेम वीस मिनिटं. सुमारे 2000 हेक्टरचा पसारा आहे. भरतीचं पाणी चरांतून आत घेतात आणि या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवत उन्हावाऱ्यावर आटवतात. शेवटच्या वाफ्यात पाणी बोटाच्या पेराएवढंही उरत नाही. आपल्याकडे पाऊस लागायच्या आत हंगाम आटोपतो, इथे तो जून ते सप्टेंबर चालतो. म्हणजे तुम्ही ऐन हंगामात येताय.

दुपार कलल्यावर जा. ऊन आणि कोरडा वारा असला की पाण्यावर पांढरी पातळ साय धरते, तेच 'फ्लर द सेल'. पालुदिए, म्हणजे तिथले मीठ पिकवणारे, ती वरच्यावर अलगद काढून घेतात, तळाला धक्का लागू देत नाहीत. तळाचं जाडं मीठ चिकणमातीमुळे करडं होतं. ते चार-पाच मीटर लांब दांड्याच्या लाकडी फळीने ओढून कडेला आणतात. बाबा ते हात बघत उभे राहतील, बघ. बांधांवरून आपले आपण फिरू नका, ती लोकांची कामाची जागा आहे. पालुदिएंबरोबरच्या सहली असतात, त्यातली एक आधी ठरवून ठेव. पाऊस झाला की मीठ काढणं थांबतं, तेव्हा अंदाज बघूनच दिवस निवड.

ही मिठागरं टिकली ती माणसांनी धरून ठेवली म्हणून. 1970 च्या सुमारास तिथे रस्ते आणि पर्यटनाच्या योजना येत होत्या, त्या लोकांनी लढून थोपवल्या. मग डिसेंबर 1999 मध्ये 'एरिका' हे तेलवाहू जहाज बुडालं आणि किनाऱ्यावर काळं तेल आलं. पुढच्या उन्हाळ्यात बहुतेकांनी मीठ काढलंच नाही. एवढ्या कष्टाचं मीठ, पण संशयाचा कणही त्यात जाऊ दिला नाही. मला या लोकांबद्दल फार आदर वाटतो.

गेरांद गावाची तटबंदी आणि चारही वेशी शाबूत आहेत, पण आत दगडी फरसबंदी आहे. आईंना सपाट तळाचे बूट घालायला सांग. जवळच्या बात्झ गावातल्या चर्चचा मनोरा बाबांनी चढावा, वरून एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सगळे वाफे दिसतात. तेवढ्या वेळात आईंना तिथल्याच मिठागर संग्रहालयात बसता येईल. माशांसाठी वाटेवरचं ला तुर्बाल गाठा, सार्डिनचं बंदर आहे. आपल्या तारलीच्याच जातीचा मासा, बाबांना हाडांची सवय असणारच.

आणि पिरियाकमध्येही एक सकाळ काढा. जुनी ग्रॅनाइटची घरं, अरुंद गल्ल्या. 1876 च्या उन्हाळ्यात फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला इथे राहिला होता. कास्तेली टोकापर्यंत गाडी जवळ नेता येते, आईंना समुद्र तिथून दाखव.

----

काकूंनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त जेवणाचं सांगतो. ब्रेतोन, म्हणजे ब्रिटनी प्रांतातलं, गॅलेत मागवा. कुट्टूच्या पिठाचं असतं, घावनासारखं पातळ. त्यातल्या 'कोंप्लेत' प्रकारात हॅम असतं, म्हणून नुसतं चीज-मशरूमचं सांगायचं. काही ठिकाणी तव्याला डुकराची चरबी लावतात. तेव्हा ऑर्डर देतानाच विचारा आणि लोणी लावायला सांगा, कुणी कुरकुर करत नाही. नंतर आईंना कुइन्यमान हा तिथला गोड केक खाऊ घाला, लोणी आणि साखर सढळ हाताने घातलेली असते.

गाडी नसेल तर पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनहून ला बोलपर्यंत तेजेवे या वेगवान रेल्वेने तीन तासांच्या आसपास लागतात. पिरियाकला रेल्वे नाही, पुढे बस. मिठागरं मात्र बसने जमत नाहीत, निदान दोन दिवस गाडी भाड्याने घ्याच.

----

काकू, दादा, मनापासून आभार. बाबांना फोनवर वाचून दाखवलं, ते लगेच विचारायला लागले की तिथे भरती किती वाजता येते. गाडी आजच बुक करतो. सहलीत आईसाठी बसायची सोय असते का, एवढं काकू कळवाल का?